नव्वद हजारांची काठी

आमच्या मामांनी यंदा नव्वद हजार रुपयांची काठी घ्यायचे मनात आणले. काठी म्हणजे मासे धरायची. काचीगुड्याच्या आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदा बोलले गेले तेव्हा मामी पोळ्या लाटत होत्या. त्यांनी मान वर केली, छताकडे पाहिले आणि पुन्हा लाटायला लागल्या. स्वयंपाकघराचे ते छत तीन पावसाळे गळते आहे. मामांनी त्यांची नजर चुकवली आणि मला म्हणाले, "तू कॉमर्सला आहेस ना गं? मग तूच हिशेब करून सांग, घ्यावी की नाही."

पुढचा सारा लेख म्हणजे या प्रश्नाचे उत्तर आहे. वाचकांपैकी फार थोड्यांनी गळ हातात धरला असेल, याची मला कल्पना आहे. काही महिन्यांपूर्वीपर्यंत मीही धरला नव्हता. पण महागाची वस्तू घ्यावी का, घेतली तर कोणती घ्यावी आणि तिच्यासाठी मोजलेल्या पैशांत आपण नेमके काय विकत घेतो, हे प्रश्न आज ना उद्या आपल्या प्रत्येकापुढे येणारच आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी मामांविषयी थोडे. आमचे आजोळ बिदरकडचे, मांजरा नदीच्या काठचे. मामा आईशी कानडीत बोलतात, माझ्याशी मराठीत आणि चप्पल बाजारातल्या दुकानदारांशी दखनीत. मासे धरण्याच्या बाबतीत मात्र त्यांना भाषा बदलावी लागत नाही. मराठीत गळ, कानडीत गाळ, तेलुगूत गालम. एवढ्या एका शब्दावर ते कुठल्याही तळ्याकाठी ओळख काढतात. रेल्वेच्या हिशेबखात्यात पस्तीस वर्षे त्यांनी आकडे लिहिले आणि सुटीच्या दिवशी पहाटे बांबूची काठी सायकलला बांधून ते बाहेर पडत आले. आता निवृत्तीचे पैसे हाती आले आहेत. अमेरिकेतल्या दादाने, म्हणजे त्यांच्या मुलाने, तिकडच्या एका नामांकित कंपनीचे माहितीपत्रक पाठवले. त्याच्या प्रत्येक पानावर दोनच गोष्टींची ग्वाही होती : शक्ती आणि अंतर. किंमत हजार डॉलर आणि वर काही. म्हणजे आपल्याकडे सुमारे नव्वद हजार. टपालखर्च आणि सीमाशुल्क वेगळे.

ही साधी काठी नव्हे. इंग्रजीत हिला फ्लाय रॉड म्हणतात. आपल्या नेहमीच्या गळाला शिशाचा तुकडा किंवा जड आमिष असते. ते फेकले की त्याच्यामागे दोरी जाते. फ्लाय रॉडचे काम याच्या उलट आहे. तिचे आमिष म्हणजे पिसे आणि धागे बांधून केलेली बनावट माशी. तिला वजन जवळजवळ नाहीच. पीस कितीही जोराने फेकले तरी ते पायाशीच पडते. म्हणून इथे दोरीच जाड आणि वजनदार करतात. फेकायची ती दोरी; माशी तिच्यामागून मुकाट्याने जाते.

दोरीच्या वजनाला क्रमांक असतात आणि ते वजन पहिल्या तीस फुटांचे धरतात. आठ नंबरच्या दोरीचे वजन २१० ग्रेन ठरलेले आहे. आता ग्रेन म्हणजे काय, हे मला आजीच्या तोळ्यामुळे समजले. जुना इंग्रजी अमदानीतला तोळा १८० ग्रेनांचा आणि तोळ्याचे मासे बारा. म्हणजे एक मासा पंधरा ग्रेनांचा आणि आठ नंबरच्या तीस फूट दोरीचे वजन बरोबर चौदा मासे. (हे मासे सोनाराचे, पाण्यातले नव्हेत!) सात नंबरची १८५ ग्रेन, म्हणजे जवळजवळ तोळाभर. पाच नंबरची १४० ग्रेन, नऊ माशांहून किंचित जास्त. एवढ्याशा तोळामासा वजनाला साठ-सत्तर फूट पोहोचवायचे, हे या काठीचे काम. माहितीपत्रकातली शक्ती ती हीच.

पण इथेच पहिली गोष्ट लक्षात घ्यायला हवी. काठी शक्ती निर्माण करत नाही. ती वाकते, हाताने दिलेला जोर काही काळ साठवते आणि हात अचानक थांबला की तो दोरीला देऊन टाकते. बँकेत ठेवलेले पैसे निदान व्याज तरी आणतात. काठी व्याज देत नाही. चांगली काठी फक्त मुद्दल कमी बुडवते. फेकताना दोरीचा हवेत एक वेटोळा होतो. वेटोळा अरुंद असला तर दोरी हवा कापत लांब जाते, रुंद झाला तर वाटेतच दमते. तो अरुंद ठेवणे काठीच्या किमतीवर थोडे आणि मनगट कुठे थांबवले यावर फार अवलंबून असते.

काठ्यांचा इतिहासही हेच सांगतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले कारागीर बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या तासून, एकमेकींना चिकटवून काठ्या बनवू लागले. त्यासाठी लागणारा बांबू प्रथम हिंदुस्थानातून जाई आणि कलकत्ता बंदरावरून त्याचे नाव कलकत्ता केन असे पडले होते. आपल्याकडे ज्याला मानवेल किंवा भरीव बांबू म्हणतात त्याच कुळातला तो. पुढे चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली, मग काचतंतू आले आणि १९७०च्या दशकात कार्बनतंतूंच्या काठ्या बाजारात आल्या. प्रत्येक वेळी काठी हलकी आणि ताठ होत गेली. तरीसुद्धा, १९५१ साली, कार्बनच्या काठ्या अजून यायच्या होत्या तेव्हा, जोन साल्वॅटो या तरुणीने अमेरिकेत बाकी सारे पुरुष असलेल्या स्पर्धेत लांब फेकीचा सामना जिंकला. १९६० साली एका स्पर्धेत तिने १६१ फूट फेक केली. ही बाई पैलवान नव्हती. ती नाच शिकवायची. नाचता येईना त्याला अंगण वाकडे असते, हे आपण ऐकलेले आहे. जिला नाचता येत होते तिला त्या काळची जड काठीही सरळच वाटली असली पाहिजे.

मग जास्तीच्या पैशांत काहीच मिळत नाही का? मिळते, आणि ते मान्य केले नाही तर माझा लेख एकांगी होईल. महाग काठी तितक्याच ताकदीची असून हलकी असते. नऊ फुटांची आठ नंबरची उत्तम काठी शंभर ग्रॅमच्या आसपास भरते. फेक संपल्यावर तिचे टोक लवकर थरथरायचे थांबते, त्यामुळे दोरीत लाटा उठत नाहीत. मुठीचा बूच चांगला, कड्या चांगल्या, जोड घट्ट. समुद्राच्या वाऱ्यात दिवसभर ऐंशी-ऐंशी फूट फेकणाऱ्याला हा फरक संध्याकाळी खांद्यात कळतो. शिवाय पुष्कळ वर्षांची मोडतोडीची हमी असते. पण ती फुकट नसते. तिचा खर्च किमतीत आधीच धरलेला असतो. आणि काठीचे मोडके टोक काचीगुड्याहून अमेरिकेला पाठवून परत मागवायचे तर त्या हमीचा उपभोग घेण्यासाठी आणखी एक खर्च करावा लागतो.

हे सगळे वाचून झाल्यावर मी मामांना म्हटले, "मामा, कागदावर पुरे झाले. आता मोजून पाहू." मामांच्या ओळखीच्या एका निवृत्त डॉक्टरांकडे दोन काठ्या होत्या. दोन्ही नऊ फुटी, दोन्ही आठ नंबरच्या. एक साधारण बावीस हजारांची, दुसरी नव्वदच्या घरातली. त्यांनी दोन्ही विश्वासाने दिल्या. रविवारी पहाटे, क्रिकेटवाली मुले यायच्या आत, आम्ही मैदान गाठले. गळाऐवजी दोरीला लाल लोकरीचा गोंडा बांधला. दोन्ही काठ्यांना दोरी एकच लावली, कारण दोरी बदलली तर तुलना खोटी ठरते. मी शिंप्याची टेप आणि वही घेऊन उभी. पहिल्याच दिवशी एका पोराने विचारले, "चाचा, मैदान में मछली किधर है?" मामा म्हणाले, "आती, ठैर जरा."

पहिल्या रविवारी मामांची सर्वांत लांब फेक स्वस्त काठीने ४८ फूट झाली, महाग काठीने ५३ फूट. मामांनी माझ्याकडे विजयाने पाहिले. मी वहीत भागाकार केला. किमतीतला फरक अडुसष्ट हजार, अंतरातला फरक पाच फूट. म्हणजे एका फुटाला तेरा हजार सहाशे रुपये. "आणि ते फूट पाण्याचे आहे, जमिनीचे नाही," असे मी म्हटले तेव्हा ते थोडे रागावले.

मग डॉक्टरकाकांनी त्यांची फेक पाहिली आणि दोनच चुका सांगितल्या. पहिली : दोरी मागे पूर्ण उलगडायच्या आत मामा पुढे फेकत होते. पाठीमागे दोरी सरळ होईपर्यंत थांबायचे असते. पुढे जोर लावणे सगळ्यांना सुचते. मागे थांबणे कोणाला सुचत नाही. दुसरी चूक डाव्या हाताची. लांब फेकीत डावा हात रिकामा नसतो. मागच्या आणि पुढच्या दोन्ही फेकींत तो योग्य क्षणी दोरीला झटका देतो, त्याने दोरीचा वेग वाढतो. मामांचा डावा हात खिशात होता! पस्तीस वर्षे उजव्या हाताने लिहिले, डावा कशाला लागतो, असे त्यांचे म्हणणे.

आठ रविवार आम्ही गेलो. आठव्या रविवारी स्वस्त काठीने ६८ फूट आणि महाग काठीने ७१. म्हणजे सरावाने वीस फूट मिळाले आणि त्याचा खर्च दर वेळचा चहा. पैशांनी मिळणारे फूट पाचावरून तीनवर आले आणि त्यांचा भाव साडेबावीस हजारांच्या वर गेला. ही एका माणसाची मोजणी आहे, तिच्यावरून सिद्धांत मांडता येणार नाही. पण घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम मला पुस्तकापेक्षा त्या मैदानावर अधिक समजला. जाता जाता सांगते, मीही शिकले. माझी उत्तम फेक ४० फूट. मामा म्हणतात, मुलीच्या मानाने बरी. मी त्यांना जोन साल्वॅटोची आठवण करून देते.

आता दुसरी आणि मला अधिक महत्त्वाची वाटणारी गोष्ट. मासा कुठे आहे? मामा ओळखीच्या तळ्यांवर परवानगी काढून जातात ते बहुतेक मरळीसाठी. मरळ म्हणजे तेलुगूतली कोर्रमीनु, तेलंगणाचा राज्यमासा. हवेतला श्वास घ्यायला ती वर येते आणि तिचा मुक्काम काठाजवळच्या पाणगवतात, कमळाच्या पानांखाली असतो. काठापासून तीस-चाळीस फुटांवर! तिथे सत्तर फूट फेकणे म्हणजे काचीगुड्याला उतरायचे असताना पुढच्या स्टेशनचे तिकीट काढणे. तिथे शक्ती लागते, पण ती फेकायला नव्हे. गळाला लागलेला मासा गवतात शिरायच्या आत उचलून आणायला. त्यासाठी काठीचा मुठीजवळचा भाग दणकट हवा. माहितीपत्रकात अंतराची चित्रे होती, या कामाचे एकही नव्हते.

लांब फेक आणि मोठी शक्ती म्हटले की सगळ्यांना महासीर आठवतो. आमच्या अंकाच्या कन्नड विभागातली माझी मैत्रीण म्हैसूरची. तिच्या भागात, काबिनी नदीत, १९४६ साली व्हॅन इंगेन यांनी १२० पौंडांचा महासीर धरल्याची नोंद आहे. पण कावेरीच्या त्या कुबडवाल्या महासीराचे शास्त्रीय नाव २०१८ साली निश्चित होईपर्यंत तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आला होता आणि त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. आपल्या दख्खनच्या महासीराचे 'खुद्री' हे शास्त्रीय नाव कर्नल साइक्सने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून दिले. पुढे लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या तळ्यावर १९७०च्या दशकापासून त्याची पैदास करावी लागली, डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांचे त्यातले काम प्रसिद्ध आहे. ज्या माशासाठी एवढी शक्तिमान काठी घ्यायची तो मासाच जपून सोडून द्यायची वेळ आली आहे, हे काठी घेणाऱ्याने हिशेबात धरायला नको का?

इथे मला स्वतःविषयी एक कबुली द्यायची आहे. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. कॉलेजात आले तेव्हा वर्गात इंग्रजीतून प्रश्न विचारायची छाती होत नसे. तेव्हा बाबांकडे हट्ट धरून अठरा हजार रुपये भरून मी एका इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला गेले. त्यांच्या माहितीपत्रकातही शक्ती आणि अंतर हेच होते, शब्द तेवढे निराळे : आत्मविश्वास आणि परदेश. तीन महिन्यांनी माझे इंग्रजी होते तिथेच होते. पुढे ते सुधारले ते अकाउंटन्सीचे पुस्तक रोज एक पान मोठ्याने वाचल्याने आणि अडलेला शब्द आधी मराठीत, मग कानडीत समजून घेतल्याने. मागे थांबून दोरी उलगडू दिली, एवढेच. त्या वर्गाला मी दोष देत नाही. काठी वाईट नव्हती. माझ्या हाताला ती वापरायची रीत नव्हती. पण ते अठरा हजार बाबांचे होते, हे मी विसरलेले नाही. मामांना सल्ला देताना माझ्या डोळ्यांपुढे माहितीपत्रक नव्हते, बाबांनी बँकेतून काढून आणलेले ते पाकीट होते.

याचा अर्थ हौस करू नये असा मुळीच नाही. आमच्याकडे काही नातेवाईक म्हणाले, "या वयात काठी कशाला, देवदर्शन करा." हे मला पटत नाही. ज्या माणसाने पस्तीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब जुळवले त्याला चार पहाटे पाण्याकाठी स्वतःच्या पैशांनी मिळाव्यात. काटकसर म्हणजे न घेणे नव्हे. आपण काय घेतो आहोत हे ओळखून घेणे म्हणजे काटकसर.

म्हणून मामांना मी लेखी उत्तर दिले, कारण हिशेबखात्यातल्या माणसाला तोंडी उत्तर चालत नाही. ते थोडक्यात असे. आधी पाणी आणि मासा ठरवा, त्यावरून दोरीचा नंबर, आणि दोरीवरून काठी. उलट्या क्रमाने जाऊ नका. मरळ आणि मोठ्या माशांसाठी नऊ फुटी आठ नंबर योग्य. फार ताठ काठी घेऊ नका. ती जवळच्या फेकीत वाकतच नाही आणि शिकणाऱ्याच्या हाताला तिच्याकडून काही कळत नाही. दुकानात काठी हलवून पाहण्याला अर्थ नाही. दोरी लावून, मोकळ्या जागेत, आपल्या नेहमीच्या अंतरावर फेकून पाहा. काठीत वाचवलेल्या पैशांतले थोडे चांगल्या दोरीवर खर्च करा, कारण फेकली जाते ती दोरी. मोडलेले टोक इथे मिळेल का, हे आधी विचारा. आणि दोन वर्षांनी, सत्तर फूट रोजचे झाल्यावर, तुमचा हात जर म्हणाला की आता ही काठी पुरत नाही, तर नव्वद हजारांची जरूर घ्या. त्या वेळी मी भागाकार करणार नाही.

मामांनी कागद दोनदा वाचला, खाली तारीख घातली आणि सही केली. बावीस हजारांची काठी आली. छताला गवंडी लागला. पहिल्या मोठ्या पावसात मामींनी जुन्या सवयीने चुलीशेजारी पातेले ठेवले आणि सकाळी कोरडेच उचलले. त्या दिवशी मामा तळ्यावर निघाले तेव्हा त्यांनी न मागता डबा भरून दिला.

ते माहितीपत्रक मात्र मामांच्या टेबलाच्या खणात अजून आहे. ते फेकून द्यावे असे माझेही म्हणणे नाही.